महाकाय भोपळ्याची बी: देवघेव आणि पारख

‘२१४५ मॅकमुलन २०१५’. एखाद्या यंत्राच्या सुट्या भागाचा क्रमांक वाटावा असं हे नाव एका भोपळ्याचं आहे, आणि त्याच्या पोटातून निघालेल्या प्रत्येक बीचंही. २०१५ साली अमेरिकेत मॅकमुलन आडनावाच्या माणसानं २,१४५ पौंडांचा भोपळा पिकवला, एवढी हकिगत त्यात मावली आहे. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या माथियास विलेमेन्स यांनी यातलीच एक बी लावली आणि जर्मनीत लुडविग्सबुर्गच्या काट्यावर १,१९०.५ किलोचं फळ चढवलं. तो त्या वेळचा विश्वविक्रम होता.

अशी कथा ऐकली की माणूस नावाच्या मागे लागतो. मीही लागले. कॅनडात, ओंटारिओ प्रांतात आमच्या घरामागे जेमतेम दोन वेल मावतील एवढी जागा, पण पहिल्या तीन हिवाळ्यांत मी तीसेक नामांकित बिया जमवल्या. एप्रिलमध्ये पेरल्या आणि निम्म्याहून जास्त कुंड्यांत, शाळेत गणितात मिळायचा तसा भोपळा मिळाला. नावावरून कुळ कळतं. बी जिवंत आहे की नाही, हे तिच्या अंगावरून कळतं, आणि ते आपलं आपल्यालाच बघावं लागतं. या लेखात आधी कुळाची भाषा आणि देवघेवीचे रिवाज, मग अंगाची पारख.

नाव नीट वाचा

क्रम ठरलेला: आधी वजन पौंडांत, मग पिकवणाऱ्याचं आडनाव, मग साल. पुढे बहुतेक वेळा गुणाकाराच्या चिन्हानं जोडलेली दोन नावं असतात. त्यातलं पहिलं आईचं, म्हणजे ज्या वेलावर फळ धरलं तिचं. दुसरं बापाचं, म्हणजे ज्या वेलाचं परागकण वापरलं त्याचं. ‘सेल्फ’ लिहिलं असेल तर त्याच वेलाचा नर आणि त्याच वेलाची मादी. ‘सिब’ म्हणजे त्याच फळाच्या दुसऱ्या बीपासून आलेला भावंड वेल. ‘ओपन’ म्हणजे मधमाशीनं काय आणलं ते तिलाच ठाऊक.

वजनापुढची शेपटीसुद्धा बघा. ‘ईएसटी’ म्हणजे वजन काट्यावरचं नाही, फीत लावून अंदाजलेलं. ‘डीएमजी’ म्हणजे फळाला भेग किंवा छिद्र असल्यामुळे स्पर्धेतून बाद झालेलं. नवखी माणसं ही शेपटी बघून नाक मुरडतात. मी उलट करते. फुटलेल्या फळाचं कुळ फुटत नाही, आणि अशा बियांना मागणी कमी असल्यामुळे त्या सहज मिळतात. अट एकच: भेगेतून पाणी आणि बुरशी आत गेली नव्हती ना, हे विचारून घ्यायचं.

आज स्पर्धेत दिसणारे जवळपास सगळे भोपळे ‘अटलांटिक जायंट’ या वाणातून आले आहेत. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधले हॉवर्ड डिल यांनी हा वाण घडवला आणि १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं विश्वविजेतेपद घेतलं. त्याआधी ओंटारिओच्याच विल्यम वॉरनॉक यांचा १९०४ सालचा ४०३ पौंडांचा विक्रम १९७६ पर्यंत अबाधित होता. बहात्तर वर्षं! डिल यांच्या बिया हातोहात पसरल्या आणि मग घोडदौड सुरू झाली: १९९६ मध्ये हजार पौंड, २०१२ मध्ये दोन हजार, २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बेनी मायर यांचा एक टनाच्या वर, २०२५ मध्ये इंग्लंडच्या पेटन बंधूंचा १,२७८.८ किलो. खत, पाणी, कसब सगळं आहेच, पण या वाढीमागे टपालानं फिरलेल्या बियांचा मोठा हात आहे.

आता पारखण्याची गोष्ट: आईचं वजन जास्त म्हणून बी भारी, असं नाही. बघायचं ते संततीकडे. त्या फळाच्या बिया किती जणांनी लावल्या आणि त्यांची फळं किती भरली, याच्या नोंदी जाहीर असतात. सोळाशे पौंडांच्या आईची लेकरं वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या हातांखाली दोन हजारांपर्यंत गेली असतील, तर मी तीच घेईन. चोवीसशेच्या फळाची एकही बी अजून कुणी लावलेली नसेल तर तो जुगार आहे. खेळावा, पण जुगार म्हणून. आणखी एक ध्यानात ठेवा: एका फळातल्या बिया ही भावंडं असतात, एकमेकींच्या नकला नव्हेत. एक बी विक्रम करते आणि तिची सख्खी बहीण साधी भाजीपुरतीही फळत नाही.

मागायची कशी, द्यायची कशी

स्पर्धा ऑक्टोबरमध्ये संपतात, बिया नोव्हेंबरभर वाळतात, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा देवघेवीचा हंगाम. मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग बिनपैशाचा. पिकवणाऱ्याला विचारून, आपला पत्ता लिहिलेलं आणि परतीचं तिकीट लावलेलं, आतून फुग्यांचं अस्तर असलेलं पाकीट पाठवायचं. बरेच जण त्यात दोन-चार बिया घालून परत पाठवतात. या छंदातली ही दिलदारी मला अजूनही नवल वाटायला लावते. लग्नाच्या पंगतीत आग्रह करून वाढावं तसं काही जण मागितल्याच्या दुप्पट घालतात. पत्रात दोन ओळी स्वतःबद्दल लिहा, जागा किती आहे ते सांगा, आणि हंगाम संपल्यावर त्या बीचं काय झालं ते कळवा. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि पुढच्या वर्षी पाकीट रिकामं का आलं याचा विचार करत बसतात.

दुसरा मार्ग अदलाबदलीचा. इथे खरेपणा हेच चलन. तुमच्याकडे एका फळाच्या चाळीस बिया असतील तर त्यातल्या चांगल्या दहा काढून ठेवून उरलेल्या वाटायच्या नाहीत. लोक पोरखेळ लगेच ओळखतात. एका बीऐवजी दोन द्या. दुसरी मिळाली की समोरच्याला निवांत झोप लागते, त्याचं कारण पुढे येईल.

तिसरा मार्ग लिलावाचा. भोपळा पिकवणाऱ्यांची मंडळं हिवाळ्यात बियांचे लिलाव करतात आणि त्या पैशांतून स्पर्धेची बक्षिसं निघतात. गाजलेल्या फळाची एकेक बी शेकडो डॉलरला जाते. मंडळाच्या लिलावात निदान देणारा कोण हे माहीत असतं. खुल्या ऑनलाइन बाजारात मात्र ‘विश्वविक्रमी भोपळा, शंभर बिया, पाच डॉलर’ असं दिसलं, आणि वजन-आडनाव-साल यांतलं काहीच नसलं, तर पुढे सरकावं. निळ्याजांभळ्या भोपळ्याचा फोटो असेल तर हसून पुढे सरकावं.

घेण्याआधी मी पाच गोष्टी विचारते: कुठल्या सालची, परागीकरण हातानं करून फूल बांधलं होतं का, फळातून एकूण बिया किती निघाल्या, कशा वाळवल्या, आणि यांतल्या कुणी पेरून बघितल्या का. एकूण संख्येला महत्त्व आहे. काही फळांत सातशे-आठशे बिया निघतात, काहींत मूठभरही भरलेल्या नसतात. ‘बारा मिळाल्या, त्यातली एक तुला’ असं कुणी म्हटलं तर त्या माणसाचे आभार माना, पण बी अधिक बारकाईनं बघा.

सीमेपलीकडे पाठवताना कायदा आधी. कारल्यापासून भोपळ्यापर्यंतच्या या कुळात काही विषाणू आणि बुरशी बियांतून पसरतात, म्हणून नियम कडक आहेत आणि बदलत राहतात. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही देशांच्या कृषी खात्यांचे चालू नियम त्या त्या वर्षी वाचा. भारतात जाताना ‘बाबांच्या शेतात लावून बघू’ म्हणून खिशातून चार बिया नेण्याचा मोह मलाही झाला आहे. नेऊ नये. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार पेरणीच्या बियाण्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो.

पाकीट

एकदा माझ्याकडे साध्या कागदी पाकिटात बी आली. उघडलं तर दोन तुकडे आणि थोडा भुगा. टपालाच्या वर्गीकरण यंत्रात पत्रं रुळांमधून दाबून जातात. बी त्यात पापडासारखी मोडते. चूक माझीच, कसं पाठवणार हे विचारलं नव्हतं. तेव्हापासून माझी पद्धत अशी: बी छोट्या कागदी पुडीत, पुडी दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठा फुग्यांच्या पाकिटात, आणि पाकीट पत्र म्हणून न देता पार्सल म्हणून. प्लॅस्टिकची पिशवी फक्त पूर्ण वाळलेल्या बीला. किंचितही ओल असेल तर आत बुरशी धरते.

नाव पुडीवर लिहाच, पण बीवरही लिहा, बारीक टोकाच्या पक्क्या शाईनं. पुड्या फाटतात, अदलाबदली होतात. बिननावाची बी म्हणजे मग फक्त एक मोठी बी.

अंगाची पारख

आधी बीची रचना डोळ्यांसमोर आणा. बाहेर टरफल. आत हिरवट, पातळ पापुद्रा. त्याच्या आत दोन जाड दलं, ज्यांत रोपाची पहिल्या आठवड्याची सगळी शिदोरी असते. आणि निमुळत्या टोकाशी तो इवलासा अंकुर, जिथून मूळ निघतं. लहानपणी भोपळ्याच्या बिया दातांनी सोलून खाल्ल्या असतील तर हे सगळं तुमच्या जिभेला माहीत आहे. पोचट बी दातांखाली कशी फसकन बसायची, तेही आठवत असेल. पारख म्हणजे तेच, दात न लावता.

दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, भिंग घेऊन बसा.

एक: टोक बघा. सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त वेळ. टोकाशी बारीक छिद्र, तपकिरी ठिपका किंवा वाळलेला धागा दिसला तर ती बी फळातच मोडावली होती. फळ फार दिवस ठेवून उशिरा फोडलं की हे होतं. असा कोंब वाळला की संपला. अशी बी कितीही टपोरी असली तरी मी घेत नाही.

दोन: कडा. दोन्ही पाळ्या सगळीकडे चिकटलेल्या हव्यात. बाजूनं उललेली बी म्हणजे बहुधा फार उष्णतेत घाईनं वाळवलेली. उललेली बी मेलेलीच असते असं नाही, पण ती टिकत नाही. याच वर्षी पेरा आणि पाण्यात भिजवू नका.

तीन: पोट. बी आडवी धरून अंगठा आणि तर्जनी यांच्यात पोटाशी हलकेच दाबा. भरलेली बी दगडासारखी उभी राहते. पोचट बी किंचित आत जाते. जोर लावायचा नाही. पिकलेला चिकू बघताना लावतो तेवढाच. चपट्या बीला फसू नका. काही कुळांच्या बिया मुळातच चपट्या असतात, म्हणून तुलना त्याच फळाच्या बहिणींशी करायची.

चार: आवाज. ताटलीवर दोन इंचांवरून सोडा. भरलेली ‘टक’ म्हणते, रिकामी ‘फट’. हास्यास्पद वाटेल, पण पंधरा-वीस बिया टाकल्यावर कान तयार होतो. सराव बाजारातल्या लाल भोपळ्याच्या बियांवर करा. भाजी तर होणारच आहे.

पाच: उजेड. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या दिव्यावर बी ठेवा. फिकट टरफलाच्या बीत आतल्या दलांची सावली दिसते. ती टोकापासून बुडापर्यंत एकसारखी गडद हवी. अर्ध्यातच संपली तर आतला जीव अर्धाच भरला आहे. जाड, तपकिरी टरफलात मात्र यातून काही कळत नाही.

सहा: वजन. दागिन्यांचा छोटा काटा स्वस्तात मिळतो. एकाच फळाच्या दहा बिया एकेक करून तोला. सात-आठ बिया जवळजवळ सारख्या भरतील आणि एखाद-दुसरी निम्म्यावर येईल. ती निम्मी पोचट.

टरफलावरच्या डागांनी घाबरू नका. गर नीट न धुता वाळवलं तर डाग पडतात, ते वरवरचे. काळपट, खोलगट आणि नखानं खरवडल्यावर मऊ लागणारा डाग मात्र बुरशीचा.

आणि ती पाण्यात टाकून बघायची परीक्षा: ‘बुडली ती चांगली, तरंगली ती वाईट’. टोमॅटोला चालत असेल, इथे चालत नाही. वाळलेल्या बीत टरफल आणि दलं यांच्यामध्ये हवा असते, त्यामुळे चांगली बीही तरंगते. मी एकदा तरंगलेल्या बिया फेकून न देता गंमत म्हणून पेरल्या आणि बहुतेक उगवल्या. त्याआधी दोन वर्षं मी काय काय फेकलं असेल, याचा विचार न केलेला बरा.

पेरून बघण्याची चाचणी

वीस-तीस बिया असतील तर अंदाज कशाला बांधायचा, दहा उगवून बघा. पेपर टॉवेल भिजवून घट्ट पिळायचा, त्यावर बिया सुट्या सुट्या, वर दुसरा थर, गुंडाळी करून अर्धवट उघड्या डब्यात, तीस अंशांच्या आसपास. बियाणं चाचणीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत भोपळ्याची पहिली मोजणी चौथ्या दिवशी आणि शेवटची आठव्या दिवशी करतात. तेच वेळापत्रक आपलं. मोजताना नुसता कोंब नको, सरळ आणि पांढरं मूळ हवं. वाकडं, टोकाला तपकिरी मूळ म्हणजे अर्धे गुण.

आता थोडं गणित. दहापैकी दहा उगवल्या म्हणून शंभर टक्के समजू नका. खरी उगवणशक्ती पाऊणशे टक्के असतानाही दहापैकी दहा उगवण्याचा योग अधूनमधून येतोच. प्रयोगशाळा चारशे बिया मोजतात त्या म्हणूनच. आपण दहांवरून एवढंच म्हणायचं: हा घाणा बरा आहे, किंवा नाही. दहापैकी चार आल्या तर देवघेवीतून तो घाणा काढा, आणि आधीच दिला असेल तर त्या माणसाला कळवा.

प्रयोगशाळेत आणखी एक रसायन वापरतात, टेट्राझोलियम. त्यानं जिवंत पेशी लाल होतात. निकाल दिवसभरात कळतो, पण बी कापावी लागते. म्हणजे एकुलत्या एका बीच्या कामाचं नाही. म्हणूनच वर म्हटलं, एकाऐवजी दोन द्या.

साठवण

आजी भोपळ्याच्या बिया राखेत घोळवून वाळवायची आणि शेणाच्या गोवरीत थापून भिंतीला लावायची. राख ओल शोषते आणि किडीला दूर ठेवते. तत्त्व आजही तेच, फक्त राखेऐवजी सिलिका जेलच्या पुड्या. जाळीवर पसरून पंख्याच्या वाऱ्यात दोन आठवडे वाळवा. ऊन किंवा ओव्हन नको, पस्तीस अंशांच्या वर जाऊ देऊ नका. एक कमअस्सल बी मोडून बघा: वाकली तर ओली, कट्कन तुटली तर झालं. मग घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांचा ठोकताळा असा की बीमधली ओल एक टक्क्यानं उतरली की आयुष्य दुप्पट, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. पाच-सहा वर्षं अशी बी सहज टिकते. बरणी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं आणि सगळी मेहनत त्या दवात जाते.

एकुलती एक बी पेरताना

एप्रिलचा तिसरा-चौथा आठवडा. आदल्या दिवशी कुंडीतली माती ओलसर करून उबेला ठेवा. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. नखं घासायच्या कानशीनं बीच्या दोन्ही बाजूंच्या कडा हलक्या घासा, टोकाला हात न लावता. ताजी बी कोमट पाण्यात दोन तास. चार-पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर पाण्यात बुडवू नका. ओल्या कागदात रात्रभर ठेवा. जुन्या बीत पाणी एकदम शिरलं तर आतल्या पेशी फाटतात. मग टोक खाली करून एक इंच खोल, आणि तीस-बत्तीस अंशांची ऊब.

ऊब आणायची कुठून? आमच्याकडे इडलीचं पीठ आंबतं तिथून, म्हणजे ओव्हन बंद आणि आतला दिवा चालू. थर्मामीटर ठेवून बघितलंय, तीस अंश मिळतात. फक्त दारावर चिठ्ठी लावा. मी लावली नव्हती. नवऱ्यानं पिझ्झा करायला ओव्हन आधी तापवायला ठेवला आणि दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात भाजलेल्या बियांचा खमंग वास आला. त्या वर्षीची सगळ्यात महागडी खिरापत तीच. आता चिठ्ठी असते, मराठीत आणि इंग्रजीत, आणि मुलीनं त्यावर भोपळ्याचं चित्र काढलं आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी मातीला कमान येते. पानं वर आली पण टरफल टोपीसारखं अडकून राहिलं तर ओढू नका. ओला कापूस अर्धा तास ठेवा आणि मग नखकापणीनं एका कडेला चिमटा द्या. आठव्या दिवसापर्यंत काहीच नसेल तर बी चमच्यानं उकरून बाहेर काढा. वास घ्या. कुजका वास आणि बोटाखाली लगदा, तर संपलं. पण बी टणक आणि पांढरी असेल तर टोकाकडचं टरफल सांभाळून थोडं उचला, ओल्या कागदात गुंडाळा आणि पुन्हा उबेला ठेवा. माझी एक बी अशी तेराव्या दिवशी जागी झाली. तिच्या कुंडीवर मी दुसऱ्याच बीचं नाव लिहून मोकळी झाले होते.